चाकांवरचं घर केवढं हवं?

मोटारीतच पलंग, शेगडी, फ्रीज आणि कोपऱ्यात इवलासा संडास! अशा मोटारघराला अमेरिकेत 'आरव्ही' म्हणतात. ते भाड्यानंही मिळतं. सांगा पाहू, तुम्ही केवढं घ्याल? सगळ्यांत मोठं? थांबा, आधी आमच्या घरची गंमत ऐका.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो. माझी आई पुण्याहून आली होती. तिला माँटाना राज्यातलं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान दाखवायचं आणि उद्यानाबाहेरच्या जंगलात, जिथे वीज नाही, नळ नाही, तिथे तीन दिवस मुक्काम करायचा, असा बेत होता. पण आईचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. "तुम्ही जा, मी घर सांभाळते," असं म्हणून ती मोकळी झाली. म्हणजे गाडीत संडास हवाच, नाहीतर आजीशिवाय सहल! ते मुलांना मुळीच मंजूर नव्हतं.

मुलांनी ३० फुटी घर पसंत केलं. ऐसपैस सोफा, पाण्याची टाकीही मोठी. मग आम्ही नकाशा उघडला. उद्यानातला 'गोइंग-टू-द-सन' रस्ता डोंगराचा कडा फोडून काढलेला. १९३३ साली तो सुरू झाला. त्याच्या मधल्या चढणीच्या भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. लांबी मोजायची तीही बंपरसकट, बरं का! उंची १० फुटांच्या वर गेली, तर बाहेर आलेले खडक आडवे येतात. झालं, ३० फुटी घर बाद!

शेवटी १९ फुटी घर ठरलं. आजी आणि मुलगी आत झोपणार, मी आणि मुलगा शेजारी तंबूत.

आता पाणी. टाकी १०० लिटरची, माणसं चार, दिवस तीन. करा भागाकार! माणशी रोज जेमतेम आठ लिटर. मग अंघोळ कसली, ओला पंचा अंगावरून फिरवायचा. जादा पाणी न्यावं, तर दर लिटरमागे एक किलो वजन वाढतं. शिवाय वापरलेलं पाणी जमिनीवर ओतायचं नाही, दुसऱ्या टाकीत साठवायचं. ती भरली की मुक्काम हलवा!

विजेचंही तसंच. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. दिवे आरामात चालतात. पण १५०० वॉटचा एसी लावला, तर तासाभराच्या आतच ठणठणाट! आम्ही खिडक्या उघडल्या.

एका रात्री पाऊस आला, तेव्हा तंबूत मुलगा कुरकुरलाच. पण दुसऱ्या दिवशी ६,६४६ फुटांवरच्या लोगन खिंडीत आजी काठी टेकत खाली उतरली, समोरची शिखरं बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे दिसणार असेल, तर घर लहान असलं तरी चालतं गं!"

तेव्हा दोस्तांनो, आधी तीन प्रश्न विचारा. रस्ता कोणता? मुक्काम किती दिवसांचा? आणि कोणाचं कशावाचून अडेल? मग किती फुटी घर हवं, ते आपोआप ठरतं. तुमच्या आजी-आजोबांना असं न्यायचं झालं, तर केवढं घर लागेल? काढा वही आणि मांडा हिशेब!