विमानाचे पाय

आमच्या शहरातल्या सलीम अली सरोवराच्या काठावर बगळा उतरतो तेव्हा त्याचे पंख सोडून मी त्याचे पाय बघतो. उडताना शेपटीखाली मागे ताणलेले ते दोन काळे दांडे ऐन क्षणी पुढे येतात, चिखलाला टेकतात, किंचित मुडपतात आणि अख्ख्या देहाचा वेग गिळून टाकतात. उडण्याची कला पंखांत असेल, पण उडून सुखरूप परत येण्याची कला पायांत आहे. माणसालाही पंखांचं कोडं आधी सुटलं आणि पायांचं मागाहून. 17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचं विमान 12 सेकंदांत 120 फूट उडालं, तेव्हा त्याला चाकं नव्हतीच. लाकडी रुळावरून ते सुटलं आणि खालच्या घसरपट्ट्यांवर वाळूत टेकलं. रूळ असेल तिथूनच उडायचं, असा तो बांधलेपणा होता. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये साँतोस-द्युमाँने आपलं विमान चाकांवर पळवून हवेत नेलं. मला ती चाकं फार मोलाची वाटतात. कुठलंही बरं मैदान त्यानंतर विमानाला चालू लागलं.

स्वतःच्या हाताने विमान बांधणारी माणसं जगात थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये अशांची संघटना उभी केली आणि गॅरेजमध्ये, कोठारात, अंगणात बांधलेली हजारो विमानं आज तिथे उडतात. बांधणारा माणूस बहुधा पंखांपासून नाहीतर शेपटीपासून सुरुवात करतो. महिनोन् महिने रिबा, रिव्हेटा आणि पत्रा यांत जातात. मग एके दिवशी त्याला धडाखाली पाय जोडायचे असतात. बऱ्याचदा नकाशातले पाय त्याला जसेच्या तसे नको असतात. शेपटीखाली लहान चाक असलेल्या विमानाला त्याला नाकाखाली चाक द्यायचं असतं, किंवा मुरमाड धावपट्टीसाठी मोठे टायर बसवायचे असतात, किंवा जड इंजिन टाकल्यामुळे दांडा थोडा सरकवायचा असतो. दिसायला किरकोळ काम. चार बोल्ट काढायचे, दांडा दोन बोटं मागे घ्यायचा, नवी भोकं पाडायची आणि बोल्ट आवळायचे. पण या दोन बोटांत विमानाचा स्वभाव बदलतो.

आकड्यांनीच बोलू. 600 किलोचं, नाकाखाली चाक असलेलं एक विमान घ्या. पुढच्या चाकापासून मागची दोन मुख्य चाकं दीड मीटरवर आहेत आणि विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या 15 सेंटिमीटर पुढे आहे. अशा विमानाच्या नाकाच्या चाकावर 60 किलो भार येतो, म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा. पुष्कळ विमानांत तो साधारण इतकाच ठेवतात. आता मुख्य चाकं फक्त 5 सेंटिमीटर मागे न्या. नाकाच्या चाकावरचा भार 77 किलो होतो. उड्डाणाच्या वेळी विमान मुख्य चाकांवर तोलून नाक वर करतं आणि ते उचलण्याचं काम शेपटीचं असतं. त्या शेपटीला आता एक तृतीयांश जादा जोर लावावा लागतो. जोर वेगातून येतो आणि वेगासाठी धावपट्टी खर्ची पडते. कार्यशाळेत 5 सेंटिमीटर हललेला दांडा मैदानावर अशी वसुली करतो. उलट चाकं फार पुढे घेतली, तर मागच्या सीटवर कुणी बसलं की विमान शेपटीवर टेकतं.

शेपटीखाली चाक असलेल्या विमानाची तऱ्हा निराळी. त्याची मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात, म्हणजे सगळं वजन मागून ढकलत असतं. जमिनीवर धावताना नाक जरासं तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला धडपडतं आणि वैमानिकाच्या पायांनी वेळीच सावरलं नाही तर विमान जागच्या जागी गरकन फिरतं. यात कधी पंख घासतो, कधी पाय मोडतो. तरीही खडबडीत माळावर उतरणारी मंडळी हीच रचना पसंत करतात, कारण पुढचं नाजूक चाक खड्ड्यात रुतून विमान पालथं होण्याची धास्ती तिच्यात नाही. मला विचाराल तर, ज्याची पहिलीच बांधणी आहे त्याने नाकाखाली चाक घ्यावं आणि पक्की धावपट्टी शोधावी.

आता खुद्द दांड्याबद्दल. अमेरिकेतल्या ऑशकोश गावी स्टीव्ह विटमन नावाचा एक विमानबाज होता. शर्यतीची विमानं तो स्वतः बांधायचा आणि स्वतःच उडवायचा. विमानाच्या पायांत तेव्हा नळ्या, बिजागऱ्या आणि रबरी दोऱ्या यांचं जंजाळ असे. विटमनने ते सगळं काढलं आणि स्प्रिंगच्या पोलादाचा एकसंध दांडा लावला. विमान टेकलं की दांडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. हलणारा भाग एकही नाही. सेस्ना कंपनीने ही कल्पना घेतली आणि 1946 साली आलेल्या 120 आणि 140 या विमानांना असेच पाय दिले. अनावश्यक ते सगळं काढून टाकल्यावर उरलेली ही वस्तू मला फार सुंदर वाटते.

त्या दांड्यावर काय ओझं येतं तेही पाहू. विमान सेकंदाला 3 मीटर या वेगाने खाली आलं, म्हणजे अगदी दणकून आदळलं, तर तो मार सुमारे 46 सेंटिमीटर उंचीवरून सोडून दिल्याइतका असतो. दांडा 15 सेंटिमीटर वाकून हा मार सोसतो तेव्हा धडावर येणारा सरासरी जोर जेवढा असतो, त्याच्या साडेसातपट जोर तो 2 सेंटिमीटरच वाकला तर येईल. म्हणून दांडा जाड करून मजबुती येत नाही. ताठ पाय धडाच्या चौकटीला चिरतो. अमेरिकेच्या हलक्या विमानांच्या जुन्या नियमांत पायांची चाचणी म्हणून ते ठरावीक उंचीवरून खाली टाकायला सांगितलं होतं. ही उंची पंखांवरच्या भारावरून काढायची, पण ती 9.2 इंचांपेक्षा कमी आणि 18.7 इंचांपेक्षा जास्त असायची नाही. घरी बांधणाऱ्यालाही हे करता येतं. चेन पुलीने सांगाडा उचलायचा, वाळूची पोती लादायची, चाकांखाली ग्रीस लावलेले पत्रे ठेवायचे आणि सोडून द्यायचं. आपली इतक्या दिवसांची मेहनत स्वतःच्या हाताने खाली टाकायला छाती लागते. ज्याने ती दाखवली, त्याच्या विमानात मी बसेन.

दांडा कणखर व्हावा म्हणून भट्टीत तापवून त्याला पाणी दिलेलं असतं. त्यावर वेल्डिंगचा एक टाका पडला तरी त्या जागेचा ताव उतरतो. ब्रेकच्या नळीसाठी हौसेने पाडलेलं भोक, पान्याने आडवा पडलेला ओरखडा, अशा ठिकाणी भेग जन्म घेते आणि शेकडो उतरणी झाल्यावर एकदम उघडी पडते. म्हणून चांगला कारागीर दांडा लांबीच्या दिशेनेच घासतो आणि कड गोल करतो. मग येतं चाकांचं सरळपण. त्यासाठी महागडं यंत्र नको. धडाच्या मध्यरेषेवरून पुढे-मागे ओळंबे सोडायचे, जमिनीवर दोन खुणा करायच्या, त्यांतून खडूची दोरी मारायची आणि प्रत्येक चाक त्या रेषेशी ताडून पाहायचं. दोन्ही चाकांखाली ग्रीस लावलेल्या पत्र्यांची जोडी ठेवायची, म्हणजे पाय मोकळेपणी पसरून आपल्या नैसर्गिक जागी येतात. विमानात उडताना असेल तेवढं वजन भरूनच हे माप घ्यायचं, कारण भार आला की दांडे फाकतात आणि चाकांचा कोन बदलतो. फरक निघाला की ॲक्सल आणि दांडा यांच्यामध्ये एका कडेला पातळ होत गेलेली चकती घालायची. अर्ध्या अंशासाठी दुपार जाते. ती जाऊ द्यावी.

हे सगळं वाचून आमच्या शहरालगतच्या वाळूजमधल्या एखाद्या फिटरला यात नवल वाटणार नाही. हे शहर चाकांवर आणि धक्क्यांवरच मोठं झालं. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास अनुरंग जैन यांनी इथे उद्योग सुरू केला. तोच पुढे एंड्युरन्स झाला आणि दुचाक्यांचे शॉकअप, पुढचे फोर्क, डिस्क ब्रेक इथून देशभर जाऊ लागले. शेंद्र्याला स्कोडा आली. वाळूजमधून बाहेर पडणारी रिक्षा पाहा. एक चाक पुढे, दोन मागे, आणि वजन कुठे बसवलं की पुढचं चाक हलकं पडतं याचं ज्ञान त्या जुळणीच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या पोरांच्या हातात आहे. हलक्या विमानाचा पाय त्यांच्या ओळखीचाच आहे. फक्त इथे चूक झाली तर रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही.

या शहराला ते ठाऊक आहे, आणि फार दुःखाने ठाऊक आहे. 26 एप्रिल 1993 च्या भर दुपारी चिकलठाण्याच्या विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सच्या 491 क्रमांकाच्या उड्डाणाचं बोइंग 737 मुंबईला निघालं. आत 118 माणसं होती. धावपट्टी जवळजवळ संपली तेव्हा विमान उचललं गेलं. पलीकडे बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रक चालला होता. विमानाचा डावा मुख्य पाय आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. जमिनीपासून सुमारे 7 फुटांवर. पुढे जाऊन विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकलं आणि कोसळलं. 55 माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचं ठरलं, आणि विमानाच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती हेही ठरलं. त्या पायांच्या बांधणीत दोष नव्हता. पण नाक उचलायला लागलेला उशीर म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने तो दिवस वाचावा. मागे सांगितलेलं 5 सेंटिमीटरचं गणित कागदावरचं राहत नाही.

शिवाय इथलं ऊन. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंच आहे. उन्हाळ्यात पारा 40 वर गेला की तिथली हवा साधारण 1,600 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण जमिनीवरून विमान प्रत्यक्षात सुमारे 8 टक्के जास्त वेगाने धावत असतं. ब्रेकना जिरवायची ऊर्जा त्यामुळे साधारण 17 टक्क्यांनी वाढते. थंड देशातल्या नकाशाबरहुकूम घेतलेले ब्रेक आणि टायर मराठवाड्याच्या मे महिन्यात पुरतील का, हा हिशेब इथे बांधणाऱ्याने स्वतःच करायला हवा. दुसरं कुणी तो करून देणार नाही.

महाराष्ट्रात असं धाडस केलेला माणूस आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्या गच्चीवर उडणं सोडाच, दोन पावलं धाव घ्यायलाही जागा नव्हती. फेब्रुवारी 2016 मध्ये ते खाली उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांसमोर ठेवलं गेलं. नोव्हेंबर 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाणाच्या चाचण्या झाल्या. गच्चीपासून धुळ्यापर्यंतचा हा प्रवास कागदपत्रांतून आणि परवान्यांतून किती चिवटपणे करावा लागला असेल, याची कल्पना करवत नाही. एकट्या घराने हे पेललं. आपल्या शहरात तर अख्खी औद्योगिक वसाहत हाताशी आहे.

म्हणून वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखानदारांना आणि छोट्या वर्कशॉपच्या मालकांना माझं सांगणं आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी विमानाच्या पायाचं ड्रॉइंग घेऊन तुमच्या दारात आली, तर ‘हे आपलं काम नाही’ म्हणून परत पाठवू नका. पोलादाची प्रत कोणती आणि पाणी कुणाकडे द्यायचं ते सांगा. भट्टीचा अहवाल हातात घेतल्याशिवाय दांडा बसवू देऊ नका. रविवारी रिकामी असलेली चेन पुली आणि एक कोपरा द्या, आणि पाय वरून टाकून बघायची वेळ येईल तेव्हा शेजारी उभे राहा.