बाळाच्या कानात सांगण्याआधी

नांदेड

प्रिय वहिनी,

तू पाठवलेली नावांची यादी मी मोठ्याने वाचून पाहिली. कागदावर सगळीच नावं छान दिसतात. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं काम माझं, आणि पुढे ती हाक ऐकू येणार हैदराबादच्या दिलसुखनगरात: वरच्या मजल्यावरच्या अम्मांच्या तोंडून, व्हॅनवाल्याच्या, हजेरी घेणाऱ्या टीचरच्या. म्हणून एकेक नाव त्यांच्या तोंडी घालून बघितलं.

दादाला 'आभा' फार आवडलंय. मलाही. पण तेलुगू बोलण्यात ख, ध, भ यांचा जोर पुष्कळदा उतरतो. दिलसुखनगरचंच 'दिलसुकनगर' होतं ना? मग आभाची होणार आबा, आणि आपल्याकडे आबा म्हणजे आजोबा. शिवाय हल्ली दवाखान्यात 'आभा नंबर आहे का?' असं विचारतात. आयुष्मान भारतच्या ओळख क्रमांकाला तेच नाव आहे.

'ज्ञानदा' ही आईची निवड. ज्ञानेश्वरी वाचणारी बाई ती, तिचं चूक नाही. पण ज्ञचा उच्चार आपला 'द्न्य', हिंदीवाल्यांचा 'ग्य', आणि तेलुगूत तो 'ग्न'च्या जवळ जातो. तिकडे विज्ञान नावाच्या कॉलेजच्या पाटीवर व्ही-आय-जी-एन-ए-एन लिहितात, ते तुला माहीतच आहे. डी-एन-वायने सुरू होणारं नाव बघून टीचर दरवेळी अडखळणार. पोरीने जन्मभर स्वतःचं नाव फोड करून सांगत बसावं, हे मला पटत नाही.

आता तुझं 'गोदा'. त्यावर मी अडकले, कारण ते मला मनापासून आवडलं. आपल्याला त्यात नदी दिसते. तेलुगू घरात गोदा म्हणजे गोदादेवी, आंडाळ. भोगीच्या दिवशी तिकडच्या वैष्णव मंदिरांत तिचं लग्न लागतं, आणि कृष्णदेवरायाचं 'आमुक्तमाल्यद' काव्य तिच्यावरच आहे. दोन्ही बाजूंनी एवढं भरलेलं नाव सहज सापडत नाही. अडचण फक्त स्पेलिंगची आहे. जी-ओ-डी-ए लिहिलं की द की ड ते कळत नाही. ड वाचला तर तेलुगूत 'गोड' म्हणजे भिंत, आणि मराठी मुलांना आठवेल गोडा मसाला. पाकिटावर हीच चार अक्षरं असतात.

म्हणून माझं म्हणणं, अख्खं 'गोदावरी' ठेवू या. त्याचं स्पेलिंग भूगोलाच्या पुस्तकापासून हैदराबाद-विशाखापट्टणम गाडीच्या पाटीपर्यंत सगळीकडे एकच. त्र्यंबकेश्वराहून निघालेली ती पैठण करून आपल्या नांदेडला येते, पुढे बासरला सरस्वतीच्या पायाशी, आणि खाली राजमहेंद्रीला. शेखर कम्मुलांनी 2006 मध्ये तेलुगूत 'गोदावरी' सिनेमा काढला, निखिल महाजनांनी मराठीत त्याच नावाचा. लाडात तिकडे 'गोदारि' म्हणतील, आपण 'गोदा' म्हणू; दोन्ही गोड लागतं.

आई म्हणेल, नाव म्हातारं आहे. तिला गोदावरी परुळेकरांची आठवण करून दे. वारल्यांना वेठीतून सोडवायला त्या जंगलात जाऊन राहिल्या आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि नदीचं नाव असलेली मुलगी करू नये, असं कुणी शास्त्र काढलंच, तर ते मनुस्मृतीत आहे खरं. पण महाराष्ट्राने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गंगा, यमुना, कृष्णा, सिंधू घरोघरी नांदल्या.

नावाला पुढे काय चिकटेल, ते आपल्या हाती नसतं. तुझ्या पत्त्याचंच बघ. दिलसुख राम पर्शाद यांनी मलकपेठच्या बाजूच्या शेतजमिनीचे प्लॉट पाडले, म्हणून ते दिलसुखनगर. किती आनंदाचं नाव! 21 फेब्रुवारी 2013 ला तिथे दोन स्फोट झाले आणि पुढे कित्येक दिवस इकडे कुणाला ते नाव सांगितलं की समोरचा आधी तेच विचारायचा. आता मला मात्र त्या नावाबरोबर तुझं घर आठवतं, साड्यांची दुकानं, पाठीवर सॅक घेऊन कोचिंगला धावणारी पोरं. तिथे राहणाऱ्यांनी ते नाव पुन्हा आपलंसं केलं. आपली पोरगीही तिच्या नावाचं काय करायचं ते करेल. आपण तिला हाकेला सोपं आणि लिहायला सरळ तेवढं द्यावं.

डिस्चार्जच्या गडबडीत फॉर्म भरून टाकू नका. जन्मदाखल्यात नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, 12 महिन्यांच्या आत ते फीशिवाय घालता येतं. आणि तिकडे आडनाव आधी लिहायची रीत आहे. आपला क्रम एकदा ठरवा आणि दाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडे तोच ठेवा, नाहीतर पुढे हेलपाटे पोरीलाच.

एक काम कर. अम्मांना 'गोदावरी' मोठ्याने म्हणायला सांग आणि त्यांचा आवाज मला व्हॉट्सॅपवर पाठव. त्यांच्या तोंडी ते बसत नसेल तर मी पुन्हा यादी घेऊन बसेन. डिंकाचे लाडू करायला घेतलेत, येताना आणते.

तुझीच नणंद