'डब्ल्यू' पुन्हा उजळला, पण कोणासाठी?

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जुन्या पिढीच्या माणसासमोर 'एक डॉलर एकोणपन्नास सेंट' असे नुसते म्हटले, तरी त्याचा चेहरा खुलतो. वुडवर्ड्स या भल्यामोठ्या दुकानात महिन्यातल्या एका मंगळवारी कितीतरी वस्तू त्या भावाने मिळत. हेस्टिंग्ज आणि अ‍ॅबट रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९०३ साली उघडलेले हे दुकान. किराण्यापासून कपड्यांपर्यंत सारे एकाच छताखाली. नाताळात सजवलेल्या खिडक्या दाखवायला आईवडील मुलांना मुद्दाम घेऊन येत. वरचे 'डब्ल्यू' हे अक्षर दुरूनही दिसे.

१९९३ मध्ये दुकान बंद पडले आणि त्या रस्त्याची रयाच गेली. गिऱ्हाईक उपनगरांतल्या मॉलकडे वळले होतेच. वस्तीत उरले ते लहान लहान खोल्यांतले गरीब भाडेकरू, बेघर आणि व्यसनाने ग्रासलेले जीव. सप्टेंबर २००२ मध्ये बेघरांनी या रिकाम्या इमारतीचाच ताबा घेतला. पोलिसांनी बाहेर काढले, तेव्हा फूटपाथवर मुक्काम ठोकून ते डिसेंबरपर्यंत हटले नाहीत. मागणी साधी होती : इथे आम्हाला घरे द्या.

२००३ मध्ये महापालिकेने इमारत विकत घेतली. ३० सप्टेंबर २००६ रोजी सुरुंग लावून ती पाडण्यात आली. १९०८ चा जुना भाग तेवढा राखला. वास्तुशिल्पी ग्रेगरी हेन्रिक्वेझ यांच्या आराखड्यात ५३६ घरे विक्रीसाठी आणि २०० गरजूंसाठी होती. त्यांपैकी १२५ एकट्या माणसांना, ७५ कुटुंबांना. जोडीला सायमन फ्रेझर विद्यापीठाचा कलाविभाग, किराण्याचे आणि औषधांचे दुकान. २०१० च्या जानेवारीत नवा 'डब्ल्यू' वर चढला.

दोनशे बिऱ्हाडांना हक्काचे छप्पर मिळाले, हे खरेच. पण परिसराला भाव आला, तशी आसपासची भाडीही चढली आणि ती न पेलणाऱ्यांना तिथून उठावे लागले, अशी टीकाही होते. विकत घेणाऱ्यांचे दार वेगळे, गरजूंचे वेगळे, हेही अनेकांना खटकते.

आतल्या चौकात स्टॅन डग्लस यांचे प्रचंड छायाचित्र आहे. १९७१ साली याच भागात पोलिसांनी तरुणांच्या जमावावर घोडे घातले, तो प्रसंग त्यात नव्याने उभा केला आहे. खाली लोक पिशव्या घेऊन ये-जा करतात. वस्ती सावरायची ती कोणासाठी, हा प्रश्न मात्र त्या भिंतीवरून रोज खाली पाहत असतो.