तापलेल्या इंजिनाची कैफियत

कलकत्त्याच्या उत्तर टोकास, जेथे शहराचा जुना कालवा हुगळीस मिळतो, तेथे बागबाजार वसलेला आहे. आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ साली खोदावयास घेतलेल्या खंदकाची स्मृती तेथील ‘मराठा डिच लेन’ या गल्लीच्या नावात आजही शिल्लक असल्यामुळे, मराठी माणसास या वस्तीत पाऊल टाकताना क्षणभर थबकावेच लागते. माझे येथील वास्तव्य मात्र जुन्या मोटारींच्या, विशेषतः अ‍ॅम्बॅसॅडरच्या, दुरुस्तीनिमित्त आहे. आणि या व्यवसायात जी एक फिर्याद वारंवार माझ्यापुढे आली, तिचा निकाल बहुधा घाईने व चुकीचा दिला जातो, या जाणिवेने हा लेख लिहीत आहे.

अ‍ॅम्बॅसॅडर ही याच भूमीची मोटार. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडविलेली ही गाडी हुगळीच्या पश्चिम तीरावरील उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत निर्माण होत राहिली आणि पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने कलकत्त्याच्या रस्त्यांवर तिने दीर्घकाळ राज्य केले. तिच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाविषयी उन्हाळ्यात ‘इंजिन तापते’ अशी तक्रार येते, आणि ज्या थोड्या गाड्यांना हीटर बसविलेला असतो त्यांचे मालक दार्जिलिंगच्या वाटेवरून परतले म्हणजे ‘हीटर लागत नाही’ अशी तक्रार घेऊन येतात. या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते. कारण दोन्हीकडे फिरणारे पाणी एकच आहे.

पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा पाण्याच्या वाटेने बाहेर टाकावा लागतो. इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून तापून निघालेले पाणी थर्मोस्टॅटच्या दारातून रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, नळ्यांच्या जाळीतून निवत खाली उतरते आणि वॉटर पंप ते खालच्या होजमधून ओढून पुन्हा इंजिनात ढकलतो. हीटर म्हणजे याच पाण्याच्या एका फाट्यावर बसविलेला लहानसा रेडिएटर होय. हे अभिसरण ध्यानात ठेवले, म्हणजे हत्याराला हात लावण्यापूर्वी मालकास एकच प्रश्न विचारणे पुरेसे होते : गाडी तापते ती केव्हा?

श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर गर्दीत खोळंबली असता तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यास लागताच निवत असेल, तर दोष वाऱ्याचा समजावा : फॅनबेल्ट सैल झालेला असतो, अथवा रेडिएटरच्या जाळीत चिखल व किडे बसून तिचे श्वास कोंडलेले असतात. बेल्ट अंगठ्याने दाबला असता सुमारे अर्धा इंच दबावा, याहून अधिक नव्हे. याउलट, गर्दीत निभावून नेणारी गाडी वेगात धावताना तापू लागली, तर दोष पाण्याच्या वाटेत शोधावा : नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात, किंवा जुन्या झालेल्या खालच्या होजचे रबर पंपाच्या ओढीने आत चेपून वाट बंद करते. आणि बाहेर एक थेंबही न गळता पाणी कमी होत असेल, इंजिन चालू असता रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे अखंड येत असतील, इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट उडाले याविषयी फारसा संशय उरत नाही.

कलकत्त्यातील गाड्यांचा एक स्वतंत्र रोग आहे. रस्ते धुण्यासाठी पुरविले जाणारे गंगेचे न गाळलेले पाणी रस्त्याकडेच्या तोट्यांतून सहज मिळते, आणि गाडी धुता धुता तेच रेडिएटरात ओतण्याची सवय अनेक चालकांस असते. त्या पाण्यातील गाळ इंजिनाच्या मागील भागात, जेथे प्रवाह मंद असतो तेथे, थरावर थर साचत जातो. म्हणून पाणी बदलताना केवळ रेडिएटरची तोटी उघडून भागत नाही. ब्लॉकच्या मागील बाजूची तोटीही उघडावी, आणि तेथून पाणी न आले तर टाकी रिकामी झाली असे न समजता तारेने गाळ टोकरून वाट मोकळी करावी. नंतर रेडिएटर काढून खालून वर असे उलट दिशेने पाणी सोडावे. तरीही नळ्या मोकळ्या न झाल्यास वरच्या टाकीचा डाख सोडवून आतून साफ करण्याची तजवीज करावी.

परंतु हा सर्व तपास टाळून थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा जो इलाज देशभर रूढ झाला आहे, त्यास माझा ठाम विरोध आहे. इंजिन आपल्या योग्य उष्णतेस पोहोचेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणे हे त्या लहानशा दाराचे काम. ते नाहीसे झाले की थंडीत इंजिन गारच राहते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, झीज वाढते, खर्च वाढतो, आणि हीटर कोमट वारा फुंकू लागतो. तापण्याचे खरे कारण मात्र जागच्या जागी राहते. थर्मोस्टॅट बिघडला आहे की नाही हे पाहण्यास पातेलेभर पाणी, एक तापमापक आणि चूल एवढी सामग्री पुरते : त्याच्यावर कोरलेल्या अंशांजवळ तो उघडला तर निर्दोष, न उघडला तर नवा आणावा.

हीटर ज्यांच्या गाडीत आहे त्यांना त्याची साक्ष अतिशय उपयोगी पडते. काटा तांबड्याकडे झुकलेला आणि हीटरचा वारा मात्र थंड, असे दिसले तर पाणी कमी झाले आहे किंवा वाटेत हवा अडकली आहे, असे समजून गाडी तत्काळ थांबवावी. उलट हीटर कढत असेल, तर तो पूर्ण सोडून इंजिनाची थोडी उष्णता त्या मार्गाने घालविता येते आणि गाडी सुरक्षित जागी नेता येते.

थांबल्यावर रेडिएटरच्या झाकणास हात लावू नये. ७ पौंड दाबाचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११ अंशांनी वर नेते; झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि अतितप्त पाणी उसळून अंगावर येते. इंजिन निवू द्यावे, आणि तापलेल्या लोखंडात थंड पाणी ओतून हेडास तडा जाण्याचा प्रसंग ओढवून घेऊ नये.

दिवाळीनंतर थंडी सुरू होते. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक वाचकास माझी विनंती आहे की, तत्पूर्वी पाणी पूर्ण बदलावे, स्वच्छ पाण्यात गंजरोधक कूलंट मिसळून भरावे, आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर तो परत बसवून घ्यावा.