नव्या कर्नलसाठी सी कंपायलर

नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिताना सी कंपायलरची निवड सर्वांत आधी करावी लागते. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सी भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि पुढे या कामात सी रूढ झाली. मात्र लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर लिनक्ससाठीच प्रोग्राम बनवतो आणि लिनक्सची लायब्ररी हाताशी आहे असे धरून चालतो. कर्नलखाली तर नुसते यंत्र असते.

म्हणून नव्या यंत्रणेला लक्ष्य मानणारा क्रॉस-कंपायलर घ्यावा आणि तो 'फ्रीस्टँडिंग', म्हणजे तयार लायब्ररी गृहीत न धरणाऱ्या, पद्धतीने चालवावा. त्यात प्रिंटएफ, मॅलॉक मिळत नाहीत. तरीही जीसीसी या कंपायलरला मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शन्स लागतात. मोठे स्ट्रक्चर एका चलातून दुसऱ्यात भरताना तो ती स्वतःहून वापरू शकतो. ती कर्नलनेच पुरवायची. ३२ बिटी यंत्रावर ६४ बिटी भागाकार करायचा तर लिबजीसीसी ही जीसीसीची सहायक लायब्ररी जोडावी लागते. ६४ बिटी इंटेल यंत्रावर कंपायलर स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट आपले समजतो. हा 'रेड झोन' कर्नलमध्ये बंद केलाच पाहिजे, कारण इंटरप्ट आला की प्रोसेसर त्याच जागेवर लिहितो. हा बिघाड क्वचित उमटतो, त्यामुळे त्याचा माग काढताना चांगले जाणकारही थकतात.

पर्याय मुख्यतः तीन. १९८७ चा जीसीसी असंख्य प्रोसेसरांवर पारखलेला आहे. १९९१ चा पहिला लिनक्सही त्यानेच घडवला. मात्र प्रत्येक लक्ष्यासाठी तो वेगळा बांधावा लागतो. क्लँग एकाच प्रतीतून अनेक लक्ष्यांसाठी काम करतो. जीसीसीचा परवाना जीपीएल ३ झाल्यावर फ्रीबीएसडीने क्लँगकडे मोर्चा वळवला आणि २०१४ च्या दहाव्या आवृत्तीत तोच मुख्य कंपायलर केला. टीसीसी इवलासा आणि झटपट आहे, पण त्याचे ऑप्टिमायझेशन तोकडे.

या विद्येत महाराष्ट्राचाही वाटा आहे. क्लँगचा पाया असलेला एलएलव्हीएम प्रकल्प २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि आयआयटी मुंबईचे पदवीधर विक्रम अडवे यांनी सुरू केला. आयआयटी मुंबईतच उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चालले आणि जीसीसीची अंतर्गत रचना शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या.

हिंगोलीसारख्या गावी एकट्याने कर्नल लिहिणाऱ्याने जीसीसीपासून सुरुवात करावी: तो मोफत आहे, त्याची माहितीपुस्तिका सविस्तर आहे आणि साध्या संगणकावर क्यूएमू या आभासी यंत्राच्या जोडीने तो पुरेसा पडतो. त्याची एकच आवृत्ती पक्की धरावी. कर्नल चालू लागला की तोच कोड क्लँगमधूनही काढावा. जे एकात बनते आणि दुसऱ्यात अडते, ते बहुधा सी भाषेच्या नियमांबाहेरचे असते.