सवतीचा टाक आणि मँडर्ली

गूढ-भयाच्या कादंबरीचा विषय निघाला की मराठीच्या अभ्यासकापुढे सहसा दोनच गोष्टी उभ्या राहतात: हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) चालत आलेली अद्भुतरम्यता आणि नारायण धारपांच्या भयकथा. पहिली वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत जाते, दुसऱ्या वाचनालयाच्या फळीवर झिजतात. दाफ्ने द्यू मोरिए यांची ‘रेबेका’ (१९३८) आपल्याकडे याच उपेक्षेची धनी झाली आहे. ती वाचावी असे सुचविताना हिचकॉकच्या १९४० मधील चित्रपटाची साक्ष काढण्याचे कारण नाही. त्वरितादेवीच्या तलवाड्यातून, गेवराई तालुक्यातल्या एका गावातून, तिच्याकडे पाहिले तरी पुरे.

बिजवराला दिलेल्या मुलीने मृत सवतीचा टाक गळ्यात बाळगावा, सणावारी नवे लुगडे आधी त्या टाकाला दाखवावे, मग स्वतः नेसावे, अशी चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत होती. तो टाक म्हणजे चांदीचा एवढासा पत्रा. पण घरात पहिला मान कोणाचा, हे त्याने कायमचे ठरवून टाकलेले असे. ‘रेबेका’त भूत नाही. आहे तो हा टाकच. रेनकोटाच्या खिशात राहिलेला रुमाल, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचे तिरके, ठसठशीत हस्ताक्षर, पश्चिमेकडच्या दालनात जशीच्या तशी ठेवलेली शय्या. मिसेस डॅन्व्हर्स ही त्या टाकाची पुजारीण. (‘कोहरा’ या १९६४ मधील हिंदी चित्रपटात ही पुजारीण ललिता पवारांनी उभी केली; मराठी प्रेक्षकाला ती परकी वाटण्याचा प्रश्नच नव्हता.)

कादंबरीच्या निवेदिकेला नाव नाही. मृत स्त्रीचे नाव मुखपृष्ठावर आणि जिवंत स्त्री अखेरपर्यंत निनावी, हा केवळ रचनेचा डाव म्हणून पाश्चात्त्य समीक्षेत वाखाणला जाईल. परंतु लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि माहेरचे नाव हळूहळू हाकेतून नाहीसे होते, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यात डाव दिसणार नाही. तलवाड्याहून पदव्युत्तर वर्गात आलेली एखादी विद्यार्थिनी या निवेदिकेला, सिद्धान्ताच्या मध्यस्थीशिवाय, पहिल्या पन्नास पानांत ओळखील. स्त्रीवादी समीक्षेने ‘जेन एअर’च्या माळ्यावरील वेडी जगाला दाखविली, मँडर्लीत तर माळ्यावर कोंडण्याजोगी बाईही उरलेली नाही, आणि तरी हुकमत तिचीच आहे.

उत्तरार्ध चौकशीच्या तपशिलात काहीसा सैल पडतो, हे मान्य करावयास हवे. फॅव्हेलची धमकावणी आवश्यकतेपेक्षा लांबते. मात्र तत्पूर्वीचा कबुलीजबाब हे कादंबरीचे खरे मर्मस्थान आहे. तेथे काय उघड होते हे सांगणे वाचकावर अन्याय करणारे ठरेल. एवढेच नोंदवावे, की ते ऐकून निवेदिकेला भीती वाटत नाही. पतीचे पहिल्या पत्नीवर प्रेम नव्हते, या एकाच गोष्टीने ती आनंदून जाते. लेखिका तिला कोठेही दोष देत नाही, आणि वाचकही, नीतीचा विचार बाजूला सारून, तिच्याबरोबर मोकळा श्वास घेतो. त्या पानापाशी पुस्तक क्षणभर मिटावे.