शिंगाचा फास

फास लावणाऱ्याला जनावराच्या आधी जनावराची वाट दिसते. आपण रानात शिरलो की मान वर करून चालतो. पारधी खाली बघत चालतो. गवताची पाती कुठल्या अंगाला कललीत, कुंपणाच्या कुठल्या छिंडीत काट्याला केस अडकलेत, लेंड्या ताज्या की वाळलेल्या, एवढ्यावर त्याला ससा कळतो. ससा पळायला चपळ खरा, पण सवयीपुढे त्याचं काही चालत नाही. काल ज्या छिंडीतून गेला, आजही तिथूनच जाणार. त्या छिंडीत वीतभर उंचीवर एक फास टांगला की माणसानं घरी जाऊन झोपावं.

गावाकडे वाढलेल्या बहुतेकांनी चिमण्यांसाठी डालं लावलेलं असतं. डाल्याला काडीचा टेकू, काडीला दोरी, खाली मूठभर ज्वारी आणि दोरीचं टोक धरून दाराआड आपण, श्वास रोखून. पण तो सापळा नव्हे, ती नुसती घाई. खऱ्या फासात दोरी ओढायचं कामही सावजच करतं.

रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली मोठा ग्रंथ काढला. त्यात फासेपारध्यांची मोर, सारस आणि माळढोक धरण्याची रीत आली आहे. एक लांबच लांब दोरी, तिला ओळीनं फास, प्रत्येक फासाला लाकडी मेख. आता फास दोरीचाच केला तर तो उभा कसा राहणार? वाऱ्यानं लोळेल, दवानं मिटेल. म्हणून त्याच्या पोटात हरणाच्या शिंगाची एक बारीक, लवचिक पट्टी घातलेली. तिच्या ताणानं फास आ वासून उभा राहतो. हे पहिल्यांदा ज्याला सुचलं त्यानं किती शिंगं तासली असतील कोण जाणे.

सोबत शिकवलेला बैल आणि मातकट रंगाचा, डोळ्यांपुरती भोकं पाडलेला कापडी पडदा. बैलाच्या वेसणीची दोरी धरून पारधी त्याच्या आडोशानं मोरांच्या थव्याभोवती फिरतो. मोर चरत राहतात. बैलाचं त्यांना काय! फिरता फिरता मेखा ठोकून होतात. मग पारधी पलीकडच्या बाजूला जातो आणि पडद्याआडून सरळ समोर येतो. आरडाओरडा नाही, दगड नाही. नुसतं दिसायचं. मोर उलट्या दिशेला पळतात आणि एकदोघांचे पाय फासात जातात.

इथून पुढे पारध्याला धावावं लागतं. पाखरू ओढत असतं तोवरच फास आवळलेला असतो. त्यानं ओढ सोडली की शिंगाची पट्टी पुन्हा ताठ होते, फास उघडतो, मोर निघून जातो. म्हणजे हा फास जीव घेत नाही, फक्त थोडा वेळ धरून ठेवतो. पुढचं धरणाऱ्याच्या पायांवर.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास केला, त्यात एक वाटणी स्पष्ट दिसते. हरणं आणि पाखरं फासेपारध्यांची, तीही फासानं. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या, घोरपडीच्या मागे. मुंगूस, उदमांजर वैदूंच्या सापळ्यात. माळ तोच, पण कुणी कुणाच्या ताटात हात घालत नव्हतं. फासात गाभण हरणी सापडली तर पारधी तिला सोडून देत, अशीही नोंद आहे. त्यात दया किती आणि हिशेब किती, ही फोड करण्यात मला रस नाही. पुढच्या साली त्याच माळावर यायचं असेल तर दोन्ही एकच.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे पारध्यांवरही बसला. १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला; गावच्या नजरेतून अजून गेलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं फासही गुन्हा ठरला. हा दुसरा कायदा हवाच होता. महाराष्ट्रात माळढोक दिसणं आज किती दुर्मिळ झालंय, हे ठाऊक असणारा कुणीही तो मागे घ्या म्हणणार नाही. पण हात रिकामे झालेल्यांनी उद्या काय करायचं, याचं कलम त्यात नव्हतं.

फास मात्र रानातून गेले नाहीत. विदर्भात शेताच्या कडेला आता क्लच वायरचे फास सापडतात. ते लावायला ससा ठाऊक असावा लागत नाही, वायर तेवढी लागते. डुकरासाठी लावलेल्यात बिबट्या जातो, वाघ जातो. तो जितका ओढतो तितकी तार मांसात रुतते, आणि ओढ सोडली तरी ती उघडत नाही. वायर तोडून निसटलेलं जनावर गळ्यात ती वागवत फिरतं. याला पारध म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर काही फासेपारधी आता तणमोरासाठी काम करतात. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उंच उड्या मारतो, एरवी हा पक्षी नजरेला पडणं कठीण. कुठल्या माळावर गवत किती वाढलं की तो येईल, हे त्या लोकांना आधीपासून माहीत आहे. गवत राखायचं, चराई आणि वणवा आवरायचा, तर त्यांना विचारूनच सुरुवात करावी लागते.